हिवाळ्यातील काशी आणि आपण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात कोणत्या विषयावर बोलावे, याचा विचार करताना आम्हांला काशीच आठवली. रायपूरच्या मराठी घरांतून दर हिवाळ्यात कोणी ना कोणी काशीस निघतेच. कोणाला आईवडिलांना विश्वेश्वराचे दर्शन घडवावयाचे असते, कोणाला एखादे राहून गेलेले कार्य उरकावयाचे असते, तर कोणाला नुसतीच हवापालट हवी असते. आम्ही काही कुटुंबेही गेली काही वर्षे थंडीत ही यात्रा करीत आलो आहोत. त्या अनुभवातील जे चार शब्द इतरांच्या उपयोगी पडतील, ते येथे मांडण्याचा विचार आहे. परंतु केवळ प्रवासाची माहिती देऊन थांबावे असे वाटत नाही. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाने काशीकडून काही शिकण्यासारखे आहे, आणि तेच आजच्या बोलण्याचे खरे सूत्र आहे.

प्रथम हिवाळाच का, हे पाहू. काशीस गंगा उत्तरवाहिनी आहे. घाट पश्चिम तीरावर, पूर्वाभिमुख. त्यामुळे उगवता सूर्य थेट पायऱ्यांवर येतो. पावसाळ्यात मात्र नदी चढते, खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नौका बंद होतात. पूर ओसरल्यावर घाटांवर साचलेला गाळ धुऊन काढण्यात आश्विन निघून जातो. कार्तिकात पायऱ्या मोकळ्या होतात, आणि मग अस्सीपासून राजघाटापर्यंत पाण्याच्या कडेकडेने चालत जाता येते. हे अंतर सहा-सात किलोमीटरांचे आहे. पण चौऱ्यांशी घाट पाहत जाणाऱ्याला त्यासाठी एक सबंध दिवसही पुरत नाही.

तथापि सगळा हिवाळा सारखा नसतो. कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळीचे दिवे पाहण्यास अलोट गर्दी लोटते. ती ओसरल्यानंतरचे तीन-चार आठवडे उत्तम. हवा स्वच्छ, ऊन कोवळे, थंडी सोसवेल अशी. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेर धुके पडते. गंगेकाठची ओलसर भूमी, पडलेला वारा आणि लांबलेली रात्र ही तिन्ही एकत्र आली की दहा-दहा वाजेपर्यंत समोरचा माणूस दिसत नाही. अशा वेळी नौका सोडत नाहीत आणि आगगाड्या तासन् तास उशिरा धावतात. आपल्या सोयीची गाडी म्हणजे दुर्गहून छपऱ्यास जाणारी सारनाथ एक्सप्रेस. अलीकडच्या हिवाळ्यांत धुक्याच्या महिन्यांत ही गाडी ठराविक दिवशी रद्द केली जाते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी रद्द दिवसांची यादी पाहावी, आणि परतीच्या दुसऱ्याच दिवशी घरी मंगलकार्य ठेवू नये. माघात प्रयागचा मेळा भरतो आणि तेथील यात्रेकरू काशीस येतात. २०२५ च्या महाकुंभाच्या वेळी तर काशीच्या गल्ल्यांतून पाऊल टाकणे कठीण झाले होते.

पंचांगाची एक गोष्टही ध्यानात असावी. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. त्यामुळे आपल्या कार्तिक वद्य अष्टमीला येणारी कालभैरवजयंती तेथे मार्गशीर्षातली म्हणून सांगतात. तिथी एकच, महिन्याचे नाव मात्र वेगळे. दिनदर्शिका पाहून बेत आखणाऱ्यांची येथे गफलत होते.

वृद्धांना नेणाऱ्यांस आमची कळकळीची विनंती आहे की, पहाटेच्या स्नानाचा आग्रह धरू नये. जानेवारीत तेथील किमान तापमान कित्येकदा पाच-सहा अंशांवर उतरते. दगडी पायरी बर्फासारखी, पाणी त्याहून गार. पुण्य मिळावे म्हणून आणलेल्या आईला न्युमोनिया घेऊन परत नेण्यात कोणता धर्म आहे? अकरा-बारा वाजता ऊन पडल्यावर केलेल्या स्नानाने गंगा रागावत नाही. सकाळी त्यांना उन्हात बसवावे आणि द्रोणातला, कुल्हडातला 'मलइयो' द्यावा. आटवलेले दूध रात्री उघड्यावर दवात ठेवून, पहाटे घुसळून, केशर-वेलची घालून केलेला हा पिवळसर फेस जिभेवर ठेवताच विरतो. तो थंडीतच मिळतो आणि ऊन चढले की बसतो. कोवळे मटार आणि पोहे तुपात परतून केलेला 'चूडा-मटर' हीसुद्धा त्या दिवसांतलीच न्याहारी. आपल्या कांदेपोह्यांची ही बनारसी मावसबहीणच म्हणावी.

असो. आता मुख्य विषयाकडे वळतो.

काशीचे घाट पाहताना मराठी माणसाला पावलोपावली ओळखीची नावे भेटतात. विश्वेश्वराचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास उभारले. त्याच्या शिखरांसाठी सोने पुढे पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी दिले. २०२१ च्या डिसेंबरात मंदिरापासून गंगेपर्यंतचा विस्तीर्ण परिसर खुला झाला, तेथे अहिल्याबाईंचा पुतळा आहे. ज्ञानवापी विहिरीवरचा खांबांचा मंडप बायजाबाई शिंद्यांनी १८२८ मध्ये बांधविला. शिंदे घाटही त्यांचाच. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांनी ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या बाजूस बांधकामे केली, आणि त्या परिसरात मराठी वस्ती वाढली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्मही काशीचाच. भदैनीत त्यांचे स्मारक आहे.

आणि आपण रायपूरकरांनी ज्यांच्यापुढे क्षणभर अधिक थांबावे, असे दोन घाट आहेत. एक भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांनी तो अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविला. दुसरा मुंशी घाट. भोसल्यांचे मंत्री श्रीधर मुंशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे वालुकाश्माचा भव्य वाडा उभारला. १९१५ मध्ये तो दरभंग्याच्या महाराजांकडे गेला आणि आज तेथे एक आलिशान हॉटेल आहे.

हे घाट बांधले गेले त्या काळात छत्तीसगड भोसल्यांच्याच राज्यात होते. १७४१ मध्ये भास्करपंतांची स्वारी रतनपुरावर आली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून येथला कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्याने राजधानी रायपुरास आणली, आणि १८५४ मध्ये सगळेच राज्य खालसा झाले. नागपूरच्या खजिन्यात जो महसूल जाई, त्यात महानदीकाठच्या धानाच्या शेतांचा सारा होता. तेव्हा भोसले घाटाच्या पायरीवर उभे राहून आपण अभिमानाने मान ताठ करतो, त्या वेळी हेही स्मरावे की त्या पायरीत येथल्या कुणा अनाम शेतकऱ्याचा घाम असणार. तो शेतकरी काशीस कधी गेला नसेल. आपण ज्यांच्या शेजारी राहतो, ज्यांच्या हातचे धान खातो, त्यांचे हे ऋण आहे. मराठी राज्याच्या आठवणी आपण उत्सवात काढतो. हे ऋण मात्र सहसा कोणी उच्चारीत नाही. आज सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ते उच्चारावे असे आम्हांस वाटले.

दुसरी एक गोष्ट याहून बोलकी आहे. काशी मराठ्यांच्या ताब्यात कधीच आली नाही. पेशव्यांना तिची फार इच्छा होती. परंतु ती प्रथम अयोध्येच्या नबाबाकडे होती आणि १७७५ पासून इंग्रजांकडे गेली. म्हणजे अहिल्याबाईंनी मंदिर बांधले ते परक्या अंमलात. आपली सत्ता नसलेल्या गावी, पाहुण्याच्या नात्याने, त्यांनी असे काही उभारले की आज भारतातल्या कोणत्याही प्रांताचा माणूस त्या गाभाऱ्यासमोर हात जोडतो. घाटाचे वैशिष्ट्य तरी काय? तो कुंपणावाचून असतो. बांधणाऱ्याचे नाव त्याला राहते, पण स्नान कोणीही करतो.

मग प्रश्न येतो भाषेचा. परप्रांतात मिसळून जावे, तर आपली बोली हरपते. बोली जपावी, तर शेजारी परके राहतात. ही अडचण आपल्या प्रत्येक घरात आहे. मुले घरात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देतात, आणि आपण कधी रागावतो, कधी कानाआड करतो. काशीने या प्रश्नाला दोन उत्तरे दिली आहेत, आणि आमच्या मते ती दोन्ही एकाच वेळी खरी आहेत.

पहिले उत्तर एकनाथांचे. पैठणच्या नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका १५७३ मध्ये काशीस पूर्ण केली. प्राकृतात भागवत आणले म्हणून तेथील पंडितांनी प्रथम विरोध केला आणि अखेरीस त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी परंपरागत कथा आहे. संस्कृत विद्येच्या त्या राजधानीत नाथांनी मराठी सोडली नाही, हे महत्त्वाचे. त्याच शतकात पैठणहूनच आलेले भट्ट घराणे मात्र संस्कृतातून लिहीत होते. नारायणभट्टांचा 'त्रिस्थलीसेतु', कमलाकरभट्टांचा १६१२ चा 'निर्णयसिंधु' हे ग्रंथ सर्व भारताने मानले. आणि याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवरायांस राज्याभिषेक केला. म्हणजे पिढ्यान् पिढ्या काशीत राहूनही महाराष्ट्राशी असलेले नाते तुटले नव्हते.

दुसरे उत्तर बाबूराव विष्णु पराडकरांचे. काशीच्या मराठी कुटुंबात १८८३ मध्ये जन्मलेला हा पुरुष हिंदी पत्रकारितेचा पितामह ठरला. १९२० मध्ये सुरू झालेले 'आज' हे दैनिक त्यांनी नावारूपास आणले. १९३० च्या आंदोलनात 'रणभेरी' हे गुप्त पत्र चालविले. 'श्री', 'राष्ट्रपति', 'मुद्रास्फीति' असे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. काशीत त्यांच्या नावाचे स्मृतिभवन आहे. यात्रेकरूंनी ते अवश्य पाहावे.

परंतु पराडकरांसाठी काशीपर्यंत जाण्याचेही कारण नाही. सारनाथ एक्सप्रेस बिलासपूर सोडून मैकलच्या जंगलात शिरते आणि पेंड्रा रोड स्थानकावर थांबते. याच पेंड्र्याहून १९०० च्या जानेवारीत माधवराव सप्रे यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढले. ते जेमतेम तीन वर्षे चालले; पण या प्रदेशाच्या पत्रकारितेचा उगम तोच. याच सप्र्यांनी समर्थांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या नावाच्या शाळेवरून आपण रोज जातो. सप्रे हिंदीचे झाले म्हणून मराठीचे उरले नाहीत काय? उलट, त्यांना मराठी उत्तम येत होते म्हणूनच ते हिंदीला 'दासबोध' देऊ शकले. ज्याच्या घरात काही आहे, तोच शेजाऱ्याला वाण देऊ शकतो.

हेच आम्हांला सांगावयाचे होते. या वर्षी जी कुटुंबे काशीस जातील, त्यांनी मुलांना बरोबर न्यावे. देवदर्शनाच्या रांगेत उभे करण्याआधी एक सकाळ त्यांना भोसले घाटापासून दुर्गाघाटापर्यंत चालवावे. वाटेत ही नावे मराठीतून सांगावीत. ब्रह्माघाटाच्या गल्लीत एखादी वृद्ध मराठी गृहिणी भेटली, तर तिच्याशी दोन शब्द बोलावे. तिच्या मराठीत काशीची बोली मिसळलेली ऐकून मुलांना हसू येईल, येऊ द्यावे. मग त्यांना सांगावे की, पुण्याच्या पाहुण्यांना आपल्या मराठीचेही असेच हसू येते, आणि तरीही ती आपली आहे.

पूर्वीचे यात्रेकरू काशीहून गंगेची कावड आणीत. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ च्या धामधुमीच्या दिवसांत उत्तरेत कष्टाची पायपीट केली आणि गंगाजल घरी आईवडिलांसाठी नेले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापला गेला आणि आजही वाचला जातो. आपल्याला आता पायी कावड आणावयाची नाही. एका रात्रीच्या आणि अर्ध्या दिवसाच्या प्रवासात आपण पोहोचतो, तांब्याच्या गडूत गंगाजल घेऊन परततो. परंतु येताना आणखी एक गोष्ट आणावी, ती म्हणजे परगावी कसे राहावे याची रीत. घरात नाथांसारखे मराठी निष्ठेने जपावे, आणि दाराबाहेर सर्वांना उतरता येईल असा एखादा घाट बांधावा.

आपल्या मंडळाने गेल्या पन्नास वर्षांत आपल्या माणसांसाठी पुष्कळ केले. गणेशोत्सव, हळदीकुंकू, नाटके, वधूवर मेळावे हे सारे आवश्यकच होते. पुढील पन्नास वर्षांत मंडळाच्या वाचनालयाचे दार शेजारच्या छत्तीसगढी मुलांनाही उघडे असावे, संध्याकाळी तेथे त्यांचा अभ्यास घेतला जावा, आणि आपल्या मुलांना रविवारी तासभर मराठी वाचावयास शिकविले जावे. दोन्ही कामे एकाच खोलीत होऊ शकतात. कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती आहे.