माणसाचा सौदा कायद्याने कसा ओळखायचा
(यवतमाळ येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘मानवी तस्करी’ म्हटलं की आपल्याला मुंबईचा कामाठीपुरा आठवतो, नाही तर नागपूरची गंगा-जमुना. आपला यवतमाळ जिल्हा त्यात कुठे येतो असं आपल्याला वाटत नाही. आपल्याकडे पोरगी ‘निघून गेली’ असते, तिचं ‘तिकडं लग्न लावून दिलेलं’ असतं, बिऱ्हाड ‘कारखान्यावर गेलेलं’ असतं. यातलं फार थोडं ठाण्यापर्यंत पोचतं. पोचलं तरी त्याची हरवल्याची नोंद होते, नाही तर पैशाच्या देण्याघेण्याचा वाद म्हणून ते मिटवलं जातं.

म्हणून आज फक्त व्याख्येबद्दल बोलायचं ठरवलं आहे. ती नीट वाचली नाही तर दोन चुका होतात. तस्करी असताना ती दिसत नाही. आणि नसताना तिचं नाव घेतलं जातं. दुसऱ्या चुकीनेही आरोपी सुटतो.

आधी थोडा इतिहास. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७० होतं. ते गुलाम म्हणून माणसाची खरेदी-विक्री करण्यापुरतं होतं आणि शिक्षा जास्तीत जास्त सात वर्षं. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांच्या व्यापाराला आणि वेठबिगारीला मनाई केली. १९५६ साली वेश्याव्यवसायापुरता कायदा आला, तो आपण ‘पिटा’ म्हणून ओळखतो. पण तस्करी म्हणजे नेमकं काय, हे दंड संहितेत लिहिलेलं नव्हतं. तस्करीची व्याख्या करणारा संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो करार २००० चा. त्याला भारताने २०११ मध्ये मान्यता दिली. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने २९ दिवसांत अहवाल दिला आणि २०१३ च्या दुरुस्तीने कलम ३७० नव्याने लिहिलं गेलं. १ जुलै २०२४ पासून तेच थोड्याफार फरकाने भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ झालं.

या कलमात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: काय केलं, कसं केलं आणि कशासाठी केलं.

काय केलं? माणसाची भरती केली, त्याला नेलं, ठेवून घेतलं, दुसऱ्याच्या हवाली केलं किंवा ताब्यात घेतलं. यांपैकी एक पुरतं. म्हणजे गावातून पोरगी नेणारी बाई, गाडीवाला, खोली देणारा आणि शेवटी ‘घेणारा’, सगळे या कलमाच्या कक्षेत येऊ शकतात. मात्र उरलेल्या दोन गोष्टी प्रत्येकाविरुद्ध दाखवाव्या लागतात.

कसं केलं? धमकी, जोरजबरदस्ती, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष. त्या माणसावर ज्याचा ताबा आहे त्याची संमती मिळवण्यासाठी दिलेले-घेतलेले पैसेही आमिषातच येतात.

कशासाठी केलं? शोषणासाठी. शोषणात शारीरिक शोषण, लैंगिक शोषण, गुलामी किंवा तत्सम प्रथा, दास्य, भीक मागायला लावणं आणि बळजबरीने अवयव काढणं हे येतं. यातला भीक मागण्याचा उल्लेख न्याय संहितेने नव्याने घातला.

आता या व्याख्येत काय नाही ते बघा. राज्याची सीमा ओलांडण्याची अट नाही. साखळदंडाची नाही. आणि शोषण प्रत्यक्ष घडलेलं असण्याचीही नाही. शोषणाच्या हेतूने, फसवून नेलेल्या मुली बल्लारशा स्थानकावरच सापडल्या, तरी गुन्हा पुरा झाला. ‘अजून काही झालंच नव्हतं साहेब’ हा बचाव चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, केळापूर तालुक्यातल्या एका घरात ओळखीची मावशी स्थळ घेऊन येते. मुलगी १९ वर्षांची. मुलगा दूरच्या राज्यातला, ‘शेतीवाला’. हुंडा नको, उलट लग्नखर्चाला लाखभर रुपये तेच देतात. दोन वर्षं नापिकी, सावकाराचा तगादा. बाप हो म्हणतो. मुलगीही हो म्हणते. तिथे गेल्यावर कळतं की नवरा भलताच आहे, मोबाईल काढून घेतला आहे, आणि ‘तुला विकत घेतलंय’ हे वाक्य रोज ऐकावं लागतं.

मुलगी हो म्हणाली होती, मग गुन्हा कसला? कायदा इथे स्पष्ट आहे: तस्करी ठरवताना पीडितेची संमती गैरलागू. बापाला दिलेले पैसे आमिषात मोडतात, दुसराच नवरा दाखवणं फसवणुकीत. पण नुसतं स्थळ जमवून दलाली घेणं म्हणजे तस्करी नव्हे. नेतानाच शोषणाचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि हेतू बारीकसारीक गोष्टींतून सिद्ध होतो. तिकीट कोणी काढलं? आधार कार्ड कोणाजवळ राहिलं? पैसे कोणाच्या खात्यातून कोणाच्या खात्यात गेले? मावशीने आधी आणखी किती मुली नेल्या? ही चौकशी पहिल्या आठवड्यात झाली नाही तर पुरावा हाताशी राहत नाही.

अल्पवयीन मुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनच्या याचिकेत सांगून ठेवलं आहे: मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर घ्या आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून तपास करा. १८ पूर्ण झालेल्या मुलीची मात्र अनेकदा नुसती ‘मिसिंग’ची नोंद होते. वयाचा दाखला असा निर्णायक ठरतो.

आता ऊसतोडीची उचल, म्हणजे मजुराला आगाऊ दिलेली रक्कम. पुसद, महागाव, उमरखेड भागातल्या तांड्यांवर पोळ्यानंतर मुकादम यायला लागतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याला पन्नास हजारांपासून लाखापर्यंत उचल, मुद्रांकावर अंगठा, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी गाडीत बसते. ही सगळी तस्करी आहे का? नाही. उचल देऊन मजूर नेणं एवढ्याने कलम १४३ लागत नाही. उचल घेऊन मजूर गेलाच नाही, दोन मुकादमांकडून पैसे घेतले, असंही घडतं.

पण हिशेब कळू न देता उचल फिटतच नाही असं दाखवलं, पट्टा पडल्यावरही, म्हणजे हंगाम संपल्यावरही, घरी जाऊ दिलं नाही, पळून गेलेल्याच्या बदल्यात त्याच्या बायकोला किंवा भावाला बसवून घेतलं, की मामला बदलतो. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा १९७६ चा कायदा इथे लागतो, आणि तो या व्याख्येपेक्षा मजुराला जवळचा आहे. ते कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याचा भार कर्ज देणाऱ्यावर आहे. असं कर्ज कायद्यानेच संपतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हे अनुच्छेद २३ खालचं सक्तीचं काम ठरवलं. पोटाची भूक हीसुद्धा सक्ती असू शकते, हे न्यायमूर्ती भगवतींनी त्यात मान्य केलं.

सुरुवातीपासूनच असं राबवण्यासाठी फसवून नेलं असेल तर कलम १४३ सुद्धा. जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी ११ मजूर सोडवले. त्यांच्याकडून विहिरी खोदून घेतल्या जात होत्या आणि पळू नयेत म्हणून त्यांना साखळीने बांधून ठेवलं जात होतं. एक जण निसटला म्हणून बाकीचे सुटले. तिथे साखळी होती, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. कारखान्याच्या फडात साखळी नसते. तिचं काम मुकादमाची वही करते.

आता माझा मुद्दा उलट बाजूने. झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, कुमारी मातांबद्दल गेली अनेक वर्षं लिहिलं जातं, बोललं जातं. बाहेरून आलेले ठेकेदार, व्यापारी लग्नाचं आमिष दाखवतात आणि मूल झालं की नाहीसे होतात. सभांमधून याला सरसकट ‘तस्करी’ म्हटलं जातं. संताप समजू शकतो. पण व्याख्येला धरून बघा: मुलीची भरती कोणी केली? तिला कुठे नेलं? कोणाच्या हवाली केलं? बऱ्याच प्रकरणांत ती आपल्या पोडावरच होती. आला तो आरोपी. तिथे कलम १४३ चा हट्ट धरला तर आरोपीचा वकील पहिल्याच सुनावणीत ते मोडून काढील.

म्हणून कायदा नाही असं नव्हे. मुलगी १८ खालची असेल तर पॉक्सो. लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवले असतील तर न्याय संहितेचं कलम ६९, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा. अन्यायाला मोठं नाव देण्यापेक्षा बरोबर कलम लावणं त्या मुलीच्या जास्त उपयोगाचं आहे. मात्र तिला कामाच्या नावाने सीमेपलीकडे तेलंगणात नेऊन कोणाच्या हवाली केलं असेल, तर १४३ जरूर लावायचं.

व्याख्येत उणिवा आहेत, त्याही सांगतो. ‘शारीरिक शोषण’ म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात ‘सक्तीचे श्रम’ हे शब्द होते. पुढे कायदा करताना ते गळले. त्यामुळे मजुराच्या प्रकरणात शारीरिक शोषण, दास्य, गुलामीसदृश प्रथा यांचा आधार शोधावा लागतो. पालेर्मो करारात मुलांच्या बाबतीत फसवणूक किंवा धमकी सिद्ध करण्याची गरज नाही; आपल्या कलमात तशी सूट दिलेली नाही. या दुरुस्त्यांची मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे व्हायला हवी.

शिक्षा कडक आहे. एका प्रौढ व्यक्तीची तस्करी असेल तर सात ते दहा वर्षं. मूल असेल तर किमान दहा, पुढे जन्मठेपेपर्यंत. एकाहून अधिक मुलं असतील तर किमान १४. पोलीस किंवा सरकारी नोकर सामील असेल तर उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात. पण हे सगळं पहिल्या कागदावर अवलंबून आहे.

तांड्यावर, पोडावर, वस्तीत तुमच्याकडे कोणी रडत आलं, तर ठाण्यात जाताना त्यांच्या फिर्यादीत तीन गोष्टी येतील एवढं पाहा: कोणी आणि कुठे नेलं, नेताना काय सांगितलं किंवा दिलं, आणि तिथे काय करायला लावलं. आपल्या ठाण्याची हद्द नाही असं ठाणेदारांनी सांगितलं तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने ती सोय दिली आहे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. मजुराचा प्रश्न असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे वेठबिगार मुक्तीचा अर्ज द्या, आणि वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक लावा. या तीन गोष्टी फिर्यादीत आल्या तर ‘निघून गेली’ म्हणून बंद होणारी फाईल सत्र न्यायालयापर्यंत पोचू शकते.