तीन ठिपक्यांची खूण
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. त्यांची माफी मागून मी आज एका जुन्या इंजिनाबद्दल बोलणार आहे. त्या इंजिनाचा धागा आपल्या शाळेपर्यंत येतो, म्हणून.

माझ्या सासरी १९३० सालची फोर्ड ‘मॉडेल ए’ आहे. चार सिलिंडर, ३.३ लिटरचं इंजिन, ४० हॉर्सपॉवर. १९२७ ते १९३२ या काळात अशा जवळजवळ ४८ लाख गाड्या बनल्या, त्यामुळे तिला दुर्मिळ म्हणता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं इंजिन खडखडू लागलं. पुण्याच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, “जुनी बेरिंगं खरवडून टाकू, ब्लॉक मशिन करू आणि आजच्यासारखी तयार बेरिंगं बसवू.”

या इंजिनाची बेरिंगं दुकानात मिळत नसत. व्हाईट मेटल वितळवून थेट ब्लॉकमध्ये ओतायचं. मग क्रँकला निळा रंग लावून तो फिरवून बघायचा आणि जिथे रंग उमटेल तिथे हाताने खरवडायचं. क्रँक सगळीकडे सारखा टेकेपर्यंत हे चालायचं. असं काम एकदा काढून टाकलं की परत येत नाही. म्हणून काढण्याआधी ते कुणी केलं होतं हे मला जाणून घ्यायचं होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर होतं, “इंजिन मुंबईला कंपनीत करून आणलं.”

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ बदलली तरी कुणी बदलली, केव्हा आणि कशासाठी, याची नोंद राहते. इंजिनात तशी वही नसते, पण खुणा असतात. क्रँकवर ‘२०’ असा आकडा ठोकलेला होता. म्हणजे तो इंचाच्या हजाराव्या भागाने वीस कमी घासला होता, आणि बेरिंगं त्या मापाने नव्याने ओतली होती. आकड्याशेजारी पंचाने मारलेले तीन ठिपके होते.

टायमिंगच्या झाकणाखालचं पॅकिंग त्याहून बोलकं निघालं. ते शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्यातून कापलेलं होतं. तेलाने काळं पडलं होतं, तरी मागचं कोष्टक वाचता येत होतं : १०० नवे पैसे म्हणजे १ रुपया. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ला, आणि १९६४च्या जूनमध्ये ‘नवे’ हा शब्द गेला. म्हणजे काम साधारण त्या सात वर्षांतलं. फोर्डने तर त्याआधीच, पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत, भारतातला कारखाना बंद केला होता. मग कुठली मुंबई आणि कुठली कंपनी?

फोटो घेऊन मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेले. ऐंशी ओलांडलेल्या एका मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि तेलाच्या चरीवर बोट ठेवलं. “पोरी, ह्ये कंपनीचं काम न्हवं. गुऱ्हाळाची ऑइल इंजिनं करणाऱ्याचा हात हाय ह्यो.”

गुऱ्हाळाची इंजिनं म्हणजे आपलाच भाग. गावी आले तेव्हा आपल्याच वर्गातल्या, शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एकाला फोटो दाखवला. त्याने डोळे बारीक केले आणि म्हणाला, “आमच्या घरातल्या छिन्नीवर हीच खूण आहे.”

त्याच्या माळ्यावर आजोबांची हत्यारं पोत्यात बांधून ठेवलेली होती. छिन्न्या, हातोडे, स्क्रेपर, सगळ्यांवर तीन ठिपके. सोबत एक हिशेबाची वही. फेब्रुवारी १९६१च्या पानावर माझ्या आजेसासऱ्यांचं नाव आणि पुढे लिहिलेलं : ‘फोर्ड गाडी. मेन ३, रॉड ४, ओतून दिले.’

मी पॅकिंगचा तुकडा मित्राच्या वडिलांसमोर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हसत सुटले. “ही माझी पाचवीची वही! बापानं न विचारता पुठ्ठा कापला आणि छड्या मी खाल्ल्या, तुमच्याच शाळेत!”

सासऱ्यांना हिशेबाचं पान दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गावातल्या मिस्त्रीनं केलं म्हटलं असतं, तर चारचौघांत गाडीची किंमत कमी झाली असती. म्हणून वडील मुंबई म्हणायचे.” दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्या घरी गेले. आता गाडी बघायला कोण आलं, तर ते आधी मिस्त्रींची गोष्ट सांगतात, मग गाडीची.

इंजिनाचं काय झालं तेही सांगते. ब्लॉक आणि बेरिंगची टोपी यांच्यामध्ये पातळ पत्र्याचे शिम असतात. बेरिंग झिजलं की एक शिम काढायचा, टोपी पुन्हा आवळायची, ढिलेपणा जातो. मिस्त्रींनी प्रत्येक ठिकाणी शिमांची थप्पी ठेवून मगच बेरिंग बसवलं होतं. पुढे कधीतरी, कुणीतरी हे उघडेल आणि त्याला आवळायला जागा लागेल, हे धरून केलेलं काम. एका रॉडचं बेरिंग तडकलं होतं, तेवढं उद्यमनगरात नव्याने ओतून घेतलं. बाकी सहा ठिकाणी एकेक शिम काढला आणि खडखड थांबली. ती सहा बेरिंगं १९६१चीच आहेत.

मी रोज जो कोड लिहिते, तो साठ वर्षांनी कुणी उघडणार नाही. पण पुढच्या वर्षी कुणीतरी उघडेल. त्याच्यासाठी मी जागा ठेवते का, हे आता काम संपवताना मी स्वतःला विचारते.

मिस्त्रींचं नाव मी इथे घेत नाही. काकांनी बजावलं आहे, “छापू नकोस, बापाला आवडलं नसतं.” गाडीच्या कागदपत्रांच्या फायलीत मात्र ते पहिल्या पानावर लिहिलं आहे, वर्षासकट. तुमच्याही घरी जुनं शिवणयंत्र, पंप, पेटी असेल. ती कुणी दुरुस्त केली होती, हे सांगणारं माणूस अजून घरात असेल, तर या सुट्टीतच विचारून घ्या.

गाडी बाहेर मैदानात उभी आहे. जेवणानंतर सुरू करू. स्टार्टरचं बटण पायाने दाबायचा मान काकांचा. ते या शाळेचे माजी विद्यार्थी आहेत, आणि त्या पुठ्ठ्याचे पैसे अजून चुकते झालेले नाहीत.