पाचवीची एबीसीडी



आपली एबीसीडीशी गाठ पडली ती पाचवीत. चार रेघांची वही आठवते ना? दहावीला दांडी उडायची ती गणितात, नाहीतर इंग्रजीत. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. भीती मात्र गेली नाही.

मी मंठा तालुक्यात तांड्यावरच्या शाळेत शिकवते. मुलं घरी गोरमाटी बोलतात. आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी. म्हणजे त्यांना मराठीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी! सुरुवातीला मी नियम केला होता : तासाला फक्त इंग्रजीत बोलायचं. वर्ग गप्प झाला. मला वाटलं, शिस्त आली. एकदा एका मुलीचं पोट दुखत होतं. इंग्रजीत सांगता येईना, म्हणून ती तासभर तशीच बसून राहिली. त्या दिवशी नियम संपला.

आता गोष्ट आधी त्यांच्या बोलीत होते. मला अडलेला शब्द मुलंच सांगतात. मग मराठी, मग इंग्रजी. कुणी ‘आय स्कूल गो’ लिहिलं तर तांबडी रेघ मारत नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीतलं कर्त्यामागोमाग. पोरगं आपल्याच भाषेचा नियम पाळत असतं. दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहायची आणि क्रियापदाला गोल करायला लावायचं. चूक त्यांची त्यांनाच दिसते. ‘इस्कूल’ म्हटलं तरी कुणी हसायचं नाही. आपल्याला हसले होते, ते आपण अजून विसरलेलो नाही.

खरी अडचण दिवाळीनंतर. आईबाप ऊसतोडीला जातात. हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं टिकतात. कोपीवर गेलेली पाडव्याच्या सुमारास परततात, तोवर पुस्तक संपत आलेलं असतं आणि अक्षरंसुद्धा पुसट झालेली असतात.

मेळाव्यात वह्या-दप्तरं देण्याचं ठरतंय. जरूर द्या. पण मला माणसं हवी आहेत. पाडव्यानंतर आठवड्यातून एक तास, दोन-तीन मुलांजवळ बसून मोठ्याने वाचायचं, बस. आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे सरू नका. अडखळत वाचणारा मोठा माणूस पाहिला की मुलांची भीड चेपते.

चहाच्या वेळी मी दाराशी वही घेऊन उभी आहे. नाव लिहा, आणि कोणता वार जमेल तेही लिहा.