सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

गेल्या काही दिवसांत गटांच्या बैठकांना जाताना आम्ही एकच प्रश्न घेऊन जातोय. तुमच्या शेताचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? बहुतेक जणी पटकन सांगतात, "आमच्या मालकांच्या." उतारा काढून आणला की कितीतरी घरांत नाव निघतं सासऱ्यांचं. सासरे जाऊन दहा-दहा वर्षं झालेली असतात.

हे विचारायला लागलो ते आमच्या एका सभासदामुळे. तिचा नवरा अचानक गेला. तीन एकर रान, ती स्वतः कसते. पीककर्जाला गेली तर उताऱ्यावर सासरेच. म्हणजे आधी सासऱ्यांचे वारस लावा, मग नवऱ्याचे. एक दीर पुण्याला, नणंद लांब दिलेली, सगळ्यांचे कागद गोळा करता करता पेरणी निघून गेली आणि बियाणं सावकाराच्या पैशानं आलं. कुणी तिला फसवलं नव्हतं. कागद राहिला होता, एवढंच.

म्हणून घरातलं माणूस गेलं की मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची आणि वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा. हल्ली त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठी भाऊसाहेबच. अर्ज ई-हक्कवरून ऑनलाइनही करता येतो. अर्जात सगळ्या वारसांची नावं लिहायची, लेकींचीसुद्धा. नवऱ्यानं मृत्युपत्र केलं नसेल तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. वडिलोपार्जित जमिनीतही २००५ पासून लेकीला मुलाइतकाच हक्क आहे. त्या वेळी वडील हयात नसले तरी तो मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही.

इथं एक बोलायलाच हवं. माहेरी वाटा मागताना आपण लेक असतो आणि नणंद वाटा मागायला आली की आपलाच चेहरा उतरतो. हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही हे जिचं तिनं ठरवावं, पण कागद वाचून, समजून. राखीच्या सणाला घाईघाईत नको.

आता नॉमिनीचं. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावला की तो पैशाचा मालक झाला, असं आपल्याकडे पक्कं समजतात. तसं नाही. खात्यातले पैसे नॉमिनीच्या हातात येतात, पण त्यावर हक्क सगळ्या वारसांचा राहतो. नॉमिनी नसला तर मात्र हेलपाटे ठरलेले. जीवनज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आपल्या बऱ्याच जणींच्या खात्यातून कापले जातात. माणूस गेल्यावर दोन लाख मिळतात. काहींच्या विम्याला नॉमिनी म्हणून अजून लग्नाआधीचं नाव आहे, काही ठिकाणी गेलेल्या माणसाचं.

आपल्या मागं कुणाला काय मिळावं हे आपणच ठरवायचं असेल तर मृत्युपत्र. ते साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. सही किंवा अंगठा करायचा, दोन साक्षीदारांनी तो बघून सह्या करायच्या. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नका, उगाच शंका नको. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. मन बदललं तर नवं करता येतं, शेवटचं धरलं जातं. वडिलोपार्जित मिळकतीतला फक्त आपला वाटा असा देता येतो.

"मृत्युपत्र म्हाताऱ्या पुरुषांचं काम," असं एक मावशी म्हणाल्या. आम्हाला उलट वाटतं. समजा, एखादी विधवा आहे, मूलबाळ नाही, शेळ्या पाळून, गटाचं कर्ज फेडून तिनं स्वतःच्या नावावर दोन गुंठे जागा घेतली. तिनं काही लिहून ठेवलं नाही तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं ती जागा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिला सांभाळणारी तिची आई रांगेत मागं. आईवडिलांकडून वारसानं आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. दोन गुंठ्यांसाठी एक पान लिहायला हरकत काय?

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांना आहे. मुस्लिम भगिनींचे नियम वेगळे, त्यांना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशपर्यंतच मृत्युपत्रानं देता येतं. आदिवासी घरांनाही हा कायदा थेट लागू नाही. त्यांनी आणि ज्यांच्या घरात वाद आहे त्यांनी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जावं. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पुढच्या बैठकीला येताना पासबुक, विम्याचा कागद, सातबारा आणि घराचा नमुना आठ पिशवीत टाका. जिला वाचता येत नाही तिच्या शेजारी वाचणारी बसेल. नावं एकेक करून बघू.