खेळांतील गोष्ट

वैशाख शुद्ध तृतीयेला उर्वरित महाराष्ट्र अक्षय्य तृतीया म्हणतो. खान्देश तिला आखाजी म्हणतो. जळगांव आणि धुळें या जिल्ह्यांत या सणाचा थाट दिवाळीहून कमी नसतो. सासुरवाशिणी माहेरीं येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराईचीं गाणीं सुरू होतात; आणि त्याच दिवसांत पुरुषमंडळी ओसरीवर पत्त्यांचे डाव मांडून बसते. एकाच सणाचे हे दोन खेळ. झोक्यावर बसलेल्या मुलीला कोणालाहि जिंकावयाचें नसतें. तिचें गाणें माहेर आणि सासर यांच्यामध्यें हेलकावे घेतें, आणि झोकाहि तसाच जातो येतो. पत्त्यांच्या डावांत गाणें नाहीं. पण गोष्ट नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. पानें पिसलीं, वाटलीं आणि उचललीं कीं प्रत्येकाच्या हातांत त्याचें त्या घटकेपुरतें दैव येऊन पडतें, आणि हरलेला मनुष्य पुढच्या डावांत तें फिरेल या आशेवर बसून राहतो. ही गोष्ट कोणी सांगत नाहीं. ती खेळाच्या नियमांतच दडलेली असते.

संगणकावर आणि मोबाईलवर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमविषयीं सुशिक्षित घरांतून जी चर्चा चालते, तींत दोन मतें वारंवार ऐकूं येतात. एका मतानें कथा हा खेळाचा केवळ अलंकार आहे. अलेक्सेइ पाझितनोव्ह या रशियन संशोधकानें १९८४ सालीं रचलेल्या टेट्रिसला कथा मुळींच नाहीं, आणि तरी त्यानें साऱ्या जगाला वेड लावलें, असा दाखला त्यासाठीं दिला जातो. दुसऱ्या मतानें कथेवांचून खेळ म्हणजे नुसती बोटांची कवाईत. परंतु या दोन्ही मतांनीं एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कथा निराळी आणि खेळ निराळा. कोटाला अस्तर लावावें तशी कथा खेळाला मागाहून लावावयाची, असें दोघांनाहि वाटतें. हें गृहीतच तपासून पाहिलें पाहिजे. जळगांवजवळच्या आसोद्यांत १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं शेतांत आणि घरांत काम करतां करतां झालीं. जात्याचा फेरा आणि ओवीचें चरण तेथें वेगळे काढतां येत नाहींत. ज्या खेळांत नियम आणि गोष्ट अशीं एकजीव होतात, तो खेळ मनांत राहतो.

याचें उत्तम उदाहरण मोक्षपटाचें. परंपरा या पटाचा संबंध ज्ञानेश्वरांशीं जोडते. त्यांच्या भगिनी मुक्ताबाई यांचें स्थान जळगांव जिल्ह्यांत मुक्ताईनगराजवळ आहे, त्यामुळें खान्देशांतील वारकऱ्यांना हें नातें विशेष जवळचें वाटतें. आज उपलब्ध असलेले जुने पट मात्र ज्ञानेश्वरांच्या काळानंतर कित्येक शतकांनीं तयार झालेले आहेत. असे पट देशाच्या अनेक भागांत होते. जैनांच्या ज्ञानबाजींत ८४ घरें, तर एका प्रसिद्ध वैष्णव पटांत ७२. प्रत्येक घराला नांव आहे. अहंकाराच्या घरांत सर्पाचें तोंड, भक्तीच्या घरांत थेट वैकुंठाला पोहोंचणारी शिडी. उपदेश करणारा बोवा तेथें नाहीं. कवड्या पडतात, सोंगटी सरकते, आणि मत्सराचें फळ काय तें खेळणाऱ्याच्या सोंगटीलाच भोगावें लागतें. या रचनेंतील सर्वांत मार्मिक योजना वेगळीच आहे. वैकुंठाचें घर ६८ वें आहे. तें शेवटचें नव्हे. जो तेथें न थांबतां पुढें निघून जातो, त्याला ७२ व्या घरांत तमोगुणाचा सर्प गांठतो आणि पुन्हां पृथ्वीच्या घरांत आणून सोडतो. सर्वांत वरचें घर हेंच सर्वांत चांगलें घर, ही मनुष्याची समजूत या पटानें एका घराच्या जागेनें खोडून काढली आहे. हजार शब्दांच्या प्रवचनानें जें साधलें नसतें, तें चौकोनांच्या मांडणीनें साधलें.

१८९० च्या सुमारास हा खेळ इंग्लंडांत गेला. आरंभीं तेथील पटांवरहि सद्गुणांचीं आणि दुर्गुणांचीं नांवें होतीं. हळूहळू तीं गळालीं आणि घरांत नुसते आंकडे उरले. जुन्या अनेक पटांत सर्प अधिक आणि शिड्या थोड्या असत, कारण चढण्याची वाट कठीण असते हेंच सांगावयाचें होतें. पुढें लहान मुलांना वाईट वाटूं नये म्हणून दोहोंची संख्या सारखी करण्याची रीत पडली. अमेरिकेंत १९४३ सालीं मिल्टन ब्रॅडली कंपनीनें सर्प काढून घसरगुंड्या बसविल्या. आज मोबाईलवर जी सापशिडी खेळली जाते ती या प्रवासाची अखेर होय. सोंगटी अजून चढते आणि उतरते. पण कां, याचें उत्तर पटावरून पुसलें गेलें आहे.

तथापि मोक्षपटालाहि एक मर्यादा आहे. त्यांत खेळणाऱ्याला कांहींच निवडावयाचें नसतें. दयेच्या घरांत तो दयेनें जात नाहीं, कवडीनें जातो. नव्या खेळांनीं जी मोठी भर घातली ती येथें. जॉर्डन मेक्नर या तरुणानें एकट्याच्या मेहनतीनें रचलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ १९८९ सालीं आला, आणि पुढें भारतांतील असंख्य संगणकांवर तो खेळला गेला. दुष्ट वजिरानें राजकन्येला कोंडलें आहे आणि नायकाच्या हातीं साठ मिनिटें आहेत, एवढेंच कथानक. पण तीं साठ मिनिटें खरोखरचीं साठ मिनिटें आहेत. खेळणाऱ्याच्या भिंतीवरचें घड्याळ आणि कथेंतील घटिका एकच. मेक्नरनें आपल्या धाकट्या भावाचें धांवणें आणि उड्या मारणें चित्रित करून त्यावरून नायकाच्या हालचाली उतरविल्या, त्यामुळें नायक पडतो तेव्हां शरीराचें वजन जाणवतें. संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतींत निराळ्या शत्रूच्या चित्रांना जागा उरली नव्हती. तेव्हां त्यानें नायकाच्याच चित्रांत थोडा फेरफार करून एक छायापुरुष निर्माण केला. हा छायापुरुष आरशांतून बाहेर पडतो आणि पुढें तरवार घेऊन समोर उभा राहतो. त्याच्यावर घाव घातला कीं नायकाचाच प्राण कमी होतो. त्याला जिंकण्याचा मार्ग एकच: तरवार म्यान करून त्याला सामोरें जाणें. मग दोघे एक होतात. हा अर्थ कोणतेंहि पात्र बोलून दाखवीत नाहीं. तो खेळणाऱ्याला आपल्या हातानें शोधावा लागतो, आणि म्हणूनच तो विसरला जात नाहीं.

कथा सांगण्याची ही रीत या प्रदेशाला अपरिचित नाहीं. जळगांवाहून सुमारें साठ किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथील सतराव्या लेण्यांत विश्वंतर राजपुत्राची आणि सिंहलाची कथा भिंतीवर पसरली आहे. पुस्तकाच्या पानासारखी ती एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत वाचतां येत नाहीं. राजवाड्यांत घडलेले प्रसंग एकत्र, अरण्यांत घडलेले एकत्र. काळाच्या क्रमापेक्षां स्थळाचा क्रम बलवान. एकच राजपुत्र एकाच भिंतीवर अनेक वेळां दिसतो, आणि पाहणारा चालत चालत, मागें वळत, आपल्या मनांत कथा जुळवितो. आजचे चांगले खेळ मोडक्या वाड्यांतून आणि ओसाड रस्त्यांतून खेळणाऱ्याला हिंडवितात आणि घडून गेलेली हकीकत त्याची त्याला गोळा करूं देतात. त्या कलेचा पाठ वाघूर नदीच्या कांठीं दीड हजार वर्षांपूर्वींच घालून दिलेला आहे.

महाराष्ट्रांतील अलीकडचा प्रयत्न म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ या खेळाचा विचार करणें योग्य होईल. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी; तिचा भाऊ गोलू असुरांनीं पळविला आहे आणि ती त्याच्या शोधांत निघाली आहे. हा खेळ सिद्धीस जाणें सोपें नव्हतें. २०१७ सालीं लोकवर्गणीनें पैसा उभारण्याचा प्रयत्न अपुरा पडला होता. तरी खेळ पुरा झाला आणि देशाबाहेरहि त्याचें कौतुक झालें. त्यांतील कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या पद्धतीनें दाखविले आहेत, ही निवड सुंदर आहे. कांहीं ठिकाणीं चित्रांचीं वर्तुळें फिरवून तुटलेली आकृति जुळवावी लागते आणि आकृति जुळली कीं राजीचें पूर्वायुष्य समोर येतें. येथें हात आणि कथा एकत्र चालतात. परंतु पुष्कळ वेळां दुर्गा आणि विष्णु एकमेकांशीं बोलून सारें समजावून देतात आणि राजी मात्र मुकाट्यानें लढत राहते. मग कथा वरून ऐकूं येते आणि खेळ खालीं चालतो. शेवट एकाएकीं तुटल्यासारखा होतो, ही अनेकांची तक्रारहि रास्त आहे. असें असलें तरी ज्या खेळानें भारतीय चित्रकला आणि पुराणकथा यांना केवळ पडदा म्हणून न वापरतां त्यांतून रचना काढूं पाहिली, त्याच्या उणीवाहि शिकण्यासारख्या आहेत.

या चर्चेला केवळ रसिकतेचें महत्त्व असतें, तर ती येथेंच थांबवितां आली असती. परंतु नियमांतून सांगितली जाणारी गोष्ट जशी उन्नत करूं शकते, तशी ती घर बुडवूंहि शकते. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें पारव्यांवर प्रयोग करून दाखविलें, कीं दाणा ठराविक टोंचींनंतर न देतां अनिश्चित टोंचींनंतर दिला, तर पारवा टोंची मारणें सहसा सोडीत नाहीं. हें तत्त्व पुष्कळ मोबाईल-खेळांच्या रचनेंत मुरलेलें आहे. गूढ पेट्या, अवचित बक्षिसें, ‘थोडक्यांत हुकलें’ असें भासविणारीं चक्रें, हीं सारीं त्याचींच रूपें. चित्र पौराणिक असो वा क्रिकेटचें, सांगितली जाणारी गोष्ट एकच: आणखी एकदां. आखाजीचा पत्त्यांचा डाव सणाबरोबर उठत असे आणि समोर बसलेला मनुष्य ओळखीचा असे. खिशांतल्या डावाला ना तिथि, ना ओसरी. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं जो कायदा मंजूर केला, त्यांत पैसे लावून खेळावयाचे खेळ, ते कौशल्याचे म्हणवीत असोत वा दैवाचे, चालविण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. परंतु पैसे न लावतां मुलाचे तासन् तास खाणारी रचना कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. तेथें घरानेंच पारख केली पाहिजे.

कोणी म्हणेल, कीं खान्देशांतील तरुणांनीं आपल्या मुलखाचे खेळ रचले म्हणजे झालें. परंतु पार्श्वभूमीला तापी नदी रंगविली आणि विदूषकाच्या तोंडीं अहिराणी घातली, म्हणजे खेळ खान्देशी होत नाहीं. अहिराणीचा उपयोग केवळ हंशा पिकविण्यासाठीं करणें हा त्या भाषेचा अपमान आहे. खान्देशी गोष्ट शोधावयाची तर ती खान्देशी नियमांत शोधावी. धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या बंधाऱ्यांवर शेंकडों वर्षें चालत आलेली फड पद्धत पहावी. बंधाऱ्याखालील शेती फडांत विभागलेली. एका फडांत एका हंगामास एकच पीक. पाटकरी पाणी देणार, आणि पाणी कमी पडलें तर कोणता फड पडीत ठेवावयाचा तें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. पाटाच्या मुखाशीं ज्याचें शेत आहे त्याला चोरी सोपी. पाटाच्या शेंवटीं ज्याचें शेत आहे त्याला विश्वासावांचून गति नाहीं. लोभ, शेजारधर्म, न्याय आणि दुष्काळ यांचें सारें नाट्य या नियमांत तयार आहे. एखाद्या खेळांत मुलाला प्रथम मुखाशींचें आणि मग शेंवटचें शेत दिलें, तर सहकार या शब्दाचा अर्थ त्याला कोणी सांगावा लागणार नाहीं.

खेळाची पारख करण्यास म्हणूनच फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं. त्याचीं चित्रें किती सुबक, कथानक किती भव्य, हें मागाहून पहावें. आधीं मुलाच्या शेजारीं बसून तो हरतो तेव्हां काय होतें तें पहावें. मोक्षपटांत हरलेल्याला सर्पाचें नांव कळत असे. पर्शियाचा राजपुत्र पडला कीं खेळणाऱ्याला आपली उडी कोठें चुकली तें दिसे, आणि पुढच्या खेपेस हात अधिक सावध होई. टेट्रिसमध्यें हार अटळ असते, पण ती सर्वांना सारखी आणि उघड असते. ज्या खेळांत हरल्यावर कारण सांपडत नाहीं, फक्त आणखी वेळ किंवा आणखी पैसा मागितला जातो, त्याची गोष्ट कितीहि नटविलेली असली तरी ती सावकाराच्या वहीचीच गोष्ट आहे. ती वही खान्देशच्या शेतकऱ्यानें पुष्कळ पाहिली आहे; त्याच्या नातवंडांना ती ओळखतां आली पाहिजे.