अत्तरदाणी कोणाची?

(औंध येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मला जुन्या अत्तरदाण्या जमवण्याचा नाद आहे. पितळेच्या, जर्मन सिल्व्हरच्या, काचेच्या कुप्या, बूच हरवलेल्यासुद्धा. 'संघटनेचं काम करणाऱ्या बाईला हा कसला संस्थानी षौक?' असं मला विचारतात. आज त्याचं उत्तर देते.

तुमच्या इथे यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उघडलं. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प आहे. ती कोणी घडवली हे आपण सांगू शकतो, कारण ती नावं जपली गेली. पुण्याला दिनकर केळकरांनी, पत्नी कमलाबाईंच्या साथीने, कुंकवाचे करंडे, फण्या, वज्र्या, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी गोळा केली. लोक ज्याला अडगळ म्हणत होते, त्याला त्यांनी मान दिला आणि १९६२ साली संग्रह राज्य सरकारला दिला. फार मोठं काम. पण त्या करंड्यात रोज बोट बुडवणारी बाई कोण होती? ते करंडा सांगत नाही. तिचं नाव तिच्या घरातच कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

माझ्याकडची पहिली अत्तरदाणी आमच्या थोरल्या काकूची. पितळेची, मोराच्या आकाराची. तिच्या माहेरून लग्नात आलेली. काकू ऐन विशीत विधवा झाली. पुढे दरवर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवाला ती अत्तरदाणी चिंचेने घासायची काकू, हिन्याचा फाया घालायची काकू, आंब्याची डाळ वाटायची काकू. बायका यायला लागल्या की ती आत माजघरात. एकदा मी लहान असताना अत्तर लावलेला हात घेऊन तिच्याकडे धावले आणि तिच्या हातावर घासला. तिने दचकून हात पदराला पुसला. मग कोणी बघत नाही असं पाहून तो पदर नाकाशी धरला.

ती गेल्यावर आमच्याच घरातल्या पुरुषांनी अत्तरदाणी मोडीत काढली. घरची वस्तू म्हणाले. मी मोडीच्या भावाने पैसे मोजले आणि ती घेतली. 'ती तिची होती,' हे म्हणायचं मला तेव्हा सुचलं नाही, याची आजही लाज वाटते.

स्त्रीधन बाईचंच असतं. सासरी सांभाळायला दिलं म्हणून ते सासरचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केलं. लग्नात मिळालेल्या भेटींची सह्यांनिशी यादी करावी, असा केंद्र सरकारचा नियमही त्याच वर्षीचा आहे. तुमच्यापैकी किती जणींकडे ती यादी आहे? हात वर करा. ...पाहिलंत?

आता मी अत्तरदाणी घेताना तीन प्रश्न विचारते आणि वहीत लिहिते. ही कोणाची? तिच्याकडे कुठून आली? हिच्यातलं अत्तर घरातल्या कोणत्या बाईला लावलं नाही? पहिल्या प्रश्नाला 'आमच्या आजीची' असं उत्तर येतं. आजीचं नाव विचारलं की माणूस गप्प होतो. तिसऱ्या प्रश्नाला मात्र बायका बोलायला लागतात.

बदल होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पण ठराव होतो पंचायतीत आणि अत्तर लावलं जातं ओसरीवर. तिथे आपणच असतो.

आज दाराशी तुम्हाला अत्तर लावलं ते काकूच्याच अत्तरदाणीतून. कोणाच्या कपाळाकडे पाहिलं नाही. तीन-चार जणींनी हात मागे घेतला. त्यांना कोणी ओढू नका, नावंही ठेवू नका. पण पुढच्या वेळी पुन्हा विचारा.

घरी गेल्यावर दोन कामं करा. आपल्या वस्तूंची यादी करा. आणि घरातली एक जुनी वस्तू काढून ती कोणत्या बाईची होती, तिचं नाव लिहून ठेवा. आम्ही काकूला जन्मभर 'थोरली' म्हणत आलो. तिचं माहेरचं नाव शोधायला मला तीन वर्षं लागली. ते मी अत्तरदाणीच्या बुडाशी चिकटवलं आहे. जाताना ती उलटी करून वाचा.