खडकाला खडकाचाच आधार



३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील अटल बोगद्याचे लोकार्पण झाले. त्याची ९.०२ किलोमीटर लांबी सर्वांच्या स्मरणात राहिली. सेरी नाल्याखालचे ५८७ मीटर मात्र कोणाला ठाऊक? तेथला खडक भंगलेला आणि वरून अखंड पाझर. एवढ्या अंतरासाठी सीमा रस्ते संघटनेला काही वर्षे झुंजावे लागले.

अशा ठिकाणी उपयोगी पडते ते शॉटक्रीट, म्हणजे हवेच्या दाबाने फवारलेले काँक्रीट. त्याला सेंट्रिंग लागत नाही. डोंगर पोखरताच छत सैल होऊ लागते. ते सुटण्यापूर्वीच हा थर भेगा जखडून ठेवतो. पोलादी बोल्टांच्या साथीने मग खडकच खडकाचा भार पेलतो. (गंमत अशी की, १९०७ च्या सुमारास हे फवारणीयंत्र घडवणारा अमेरिकेतील कार्ल एकली मृत प्राण्यांत पेंढा भरणारा कलावंत होता, आणि त्याचे पहिले काम संग्रहालयाच्या भिंतीची डागडुजी!)

परंतु यंत्र विकत मिळते, हात मिळत नाही. नळी भिंतीशी काटकोनात, एक-दीड मीटरवर धरावी लागते. ती कलली की माल उसळून वाया जातो, सळ्यांमागे पोकळी राहते. जुन्या पुलाच्या दुरुस्तीतही तेच. गंज न खरवडता मारलेला थर म्हणजे निव्वळ रंगरंगोटी. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तेवढा भाग फोडून पुन्हा फवारावा लागतो, मग उद्घाटनाची तारीख कितीही जवळ आलेली असो.